ही ती नव्हे

३ तारीख, सोमवार

नर्सबाईनं वही दिली. म्हणाली, रोज लिहून ठेवा, आजी कधी चिडतात, काय खातात, झोप किती, डॉक्टरांना बरं पडतं. मी म्हटलं, माझी शाळा चार इयत्ता, अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेलं. म्हणाली, चालेल. तर वहीच्या पुढच्या बाजूला तिच्यासाठी लिहीन, 'अंडं खाल्लं, दुपारी चिडल्या', आणि वही उलटी करून मागच्या बाजूनं हे माझं. इकडं कुणी बघायचं नाही. बघून राग आला तर तो ज्याचा त्यानं गिळावा.

आज केसांवरून रामायण झालं. म्हातारी म्हणजे माझी सासू. वेडी नाही, विसरली आहे. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरली, मग आंघोळ केली का ते, मग मी कोण ते. हे, म्हणजे तिचा मुलगा आणि माझा नवरा, तिला अजून अधूनमधून आठवतात. मी नाही. महिना झाला, केसांना हात लावू देत नाही. फणी दिसली की हात उगारते. मागं मानेवर केसांचा गोळा झालाय, भांड्यांच्या घासणीसारखा. नर्सबाईनं बोट घालून बघितलं आणि म्हणाली, आत ओल राहते, कातडी चिघळेल. सोडवा नाहीतर कापा.

नणंदेला फोन केला, तर तिचं उत्तर तयारच. "वहिनी, मी तेवीसला येतेच आहे ना, येताना मशीन घेऊन येते. पार गुळगुळीत करून टाकू. तिला काय कळतंय आता?"

तिला काय कळतंय! या बाईचे केस गुडघ्यापर्यंत होते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती केस वाळवायला दोन खुर्च्या घ्यायची, एकीवर आपण बसायची, दुसरीवर केस बसवायची. माझ्या वेणीला उंदराचं शेपूट म्हणायची. आमचं कधीच पटलं नाही, ते काही लपून नाही. पण म्हणून काय तिचं नारळासारखं डोकं करू द्यायचं? मी म्हटलं, मी आहे तोवर म्हातारीच्या केसाला धक्का लागायचा नाही.

नणंद म्हणाली, "धक्का लागत नाही म्हणूनच तर गोळा झालाय ना, वहिनी."

खरं बोलली. म्हणून जास्त राग आला.

५, बुधवार

हे कशामुळं सुरू झालं ते मला कळलं. म्हातारी वर्षानुवर्षं एकच कंडिशनर लावायची. पांढरी बाटली, वर पिवळं फूल. मध्यंतरी कंपनीनं ती बंद केली, आणि तेव्हापासूनच हिचं हे सुरू झालं. दोन आणि दोन चार. सगळे म्हणतात आजार वाढला. आजार वाढला म्हणणं सोपं असतं, बाटली शोधणं अवघड.

कामावरून येताना औषधांच्या दुकानात गेले. तिथली औषधवाली चांगली आहे, हळू बोलते, पण बोलते. मी म्हटलं, पिवळ्या फुलाच्या जवळचं काय आहे ते दे. तिनं तीन बाटल्या मांडल्या. एक बदामाची, एक हिरव्या सफरचंदाची, एक दूध-मधाची. मी म्हटलं, मागचं वाच, मला ती मुंगीची अक्षरं दिसत नाहीत.

तिनं वाचलं. तिन्हीत पहिलं पाणी. दुसरं तिन्हीत एकच, सिटिअरिल अल्कोहोल.

मी म्हटलं, "दारू? म्हातारीच्या डोक्यावर दारू ओतू?"

"ही ती दारू नव्हे, मावशी. मेणासारखं असतं. केस मऊ पडतात."

पुढं कसलीकसली लांबलचक नावं, ती पण बरीचशी तीच. बदामाच्या बाटलीत बदामाचं तेल पार शेवटी, वासाच्याही नंतर. औषधवाली म्हणाली, जे जास्त ते आधी लिहितात. म्हणजे बाटलीवर बदामाचं चित्र केवढं, आणि आत बदाम नुसता डोकावून गेलेला. सफरचंदाच्यात सफरचंद नाहीच. वासाला सगळीकडे एकच शब्द, 'सुगंध'. मी विचारलं, सुगंध म्हणजे काय काय? म्हणाली, ते कुणी सांगत नाही. आणि तिन्हीत थोडंसं आंबट, लिंबात असतं तसलं. त्यानं केसाची खवलं मिटतात, म्हणे. केसाला खवलं असतात हे मला आजच कळलं. मासा म्हणायचा की बाई.

मी म्हटलं, म्हणजे एकच दूध तीन बाटल्यांत. ती हसली. "वासानं फरक पडतो, मावशी. वास डोक्यात बसतो."

तिन्ही घेतल्या.

६, गुरुवार

आधी स्वतःवर. डावीकडे बदाम, उजवीकडे सफरचंद, मागं दूध-मध. तशीच कामावर गेले. आमचा गाद्यांचा कारखाना, मी कडेच्या शिलाईला बसते. शेजारच्या मशीनवर लांबी बसते. उंच आहे म्हणून लांबी. तिला म्हटलं, माझ्या डोक्याचा वास घे.

तिनं तीन ठिकाणी नाक लावलं. म्हणाली, "इकडून मिठाईचं दुकान, इकडून फळवाला, मागून तान्हं बाळ. बाई, तुझ्या डोक्यात अख्खा बाजार भरलाय."

मुकादम येऊन म्हणाला, काय चाललंय. लांबी म्हणाली, मालाची तपासणी. तो गेला.

माझं मत असं. बदामाचा वास जड. दुपारपर्यंत डोकं उठलं, आणि केस चिकट, ढिम्म. दूध-मधानं केस मऊ होतात, पण फुलतात आणि फुललेला केस पुन्हा गुंततो. सफरचंदाचा वास लवकर उडतो, पण निसरडेपणात त्याचा हात कुणी धरणार नाही. फणी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. गुंत्याचं मला सांगू नका, दोऱ्याच्या गुंत्यात माझा जन्म गेला. गुंता ओढायचा नाही, कापायचा नाही, शेवटाकडून सुरुवातीकडे सैल करत जायचा, आणि हाताला घाई नको. तोंडाला घाई चालते.

पण निसरडं काय कामाचं, वास म्हातारीला पटला पाहिजे. पिवळ्या फुलाच्या वासाला सगळ्यात जवळ बदाम. शनिवारी बदाम.

८, शनिवार

न्हाणीत स्टूल ठेवलं, पाणी कोमट केलं, टॉवेल गरम केला. म्हातारीला बसवलं. मागं उभी राहून बाटली उघडली आणि तळहातावर घेऊन तिच्या नाकाशी धरली. तिनं हुंगलं. शहाण्यासारखं हुंगलं. मला वाटलं जमलं.

मग म्हणाली, "ही ती नव्हे."

मी म्हटलं, तीच आहे आई, फक्त बाटली बदलली.

मान वळवून माझ्या तोंडाकडं बघितलं. "नव्हे. ही ती नव्हे." आणि हातावर चापट. बदाम भिंतीवर.

म्हणजे मी म्हणत होते ते बरोबर. बाटलीच पाहिजे तिला. यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरं." यांचं बरं म्हणजे पावसातली छत्री, उघडली की माणूस खाली लपायला मोकळा.

९, रविवार

दिवसभर तेच, "जाऊ... जाऊ कुठं... कुठं जाऊ?" दाराशी जाऊन उभी राहते, जिन्याकडं बघते. मी हाताला धरून परत आणते. कुठं जायचं नाही, आई, बसा. परत तेच. नर्सबाई म्हणते, अशा माणसांना सारखं घरी जायचं असतं. घरात बसून घरी जायचं! मी पण रोज तेच म्हणते कारखान्यात, पण मला कुणी वही देत नाही.

१२, बुधवार

सफरचंद. ओले केस, ओंजळभर कंडिशनर, गोळ्याच्या खालच्या टोकाला बोटं पोचली होती. सुटायला लागलं होतं, थोडं, पण लागलं होतं. मी बोलत होते, आता झालं, आता झालं, हलू नका, मान खाली, खाली म्हटलं ना. तेवढ्यात वळली. "कोण गं तू? ही ती नव्हे!" आणि उठली. ओली फरशी. मी धरली म्हणून वाचली, पण माझं कोपर नळावर आपटलं. काळंनिळं झालंय.

हे दारात उभे. म्हणाले, "पडली असती तर?"

मी म्हटलं, "तुम्ही धरा मग."

म्हणाले, "माझी आई आहे. मी कसा तिला आंघोळ..."

आणि माझी कोण आहे?

१३, गुरुवार

कोपर दुखतंय. शिलाई वाकडी गेली. लिहायला काही नाही.

१५, शनिवार

दूध-मध. वास घेतला, थुंकली. "ती नव्हे." संपलं.

नर्सबाईनं गोळा परत बघितला. म्हणाली, खाली लाल झालंय. आता फार थांबू नका. म्हणजे नणंदेचं मशीन. म्हातारी आरशात बघते अजून. दुसरं कुणी ओळखत नाही, पण आरशासमोर उभी राहून केस कानामागं सारते, तेवढं आहे तिच्यात. टक्कल करून आरशासमोर उभी केली की तेवढंही जाईल. मग उरलं काय? अंडं खाल्लं, दुपारी चिडल्या.

यांच्याशी भांडले. मोठ्यानं. म्हटलं, तुमच्या आईचं मला काय पडलंय, तिनं मला कधी गोड शब्द दिला नाही, पण तिचं डोकं भादरायला मी नाही धरणार. भांडता भांडता हे अचानक म्हणाले, "मी लहान होतो तेव्हा तिचे केस काकू धुवायची."

काकू म्हणजे यांच्या चुलत्याची बायको, माझी चुलत सासू. मी या घरात यायच्या आधीच दोन्ही घरं वेगळी झाली होती. येणं नाही, जाणं नाही. मी तिला एकदा कुणाच्या तरी मयतीला लांबून बघितलं होतं.

मी म्हटलं, मग तिला ठाऊक असेल पिवळ्या फुलाच्या आधी कुठली बाटली होती. नंबर मिळेल का?

"माझ्याकडं आहे," हे म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले. म्हणजे हे गुपचूप फोन करतात. करू देत. कुणाशी तरी बोलतात, एवढंच बरं.

१६, रविवार

फोन केला.

"काकू, मी. थोरल्या घरची सून."

तिनं थेट विचारलं, "गेली का?"

"नाही. केस धुवायचेत."

तिकडून खोकल्यासारखं काहीतरी आलं. हसू असेल. मी सरळ विचारलं, तुम्ही हिचे केस कशानं धुवायचात, कुठलं कंडिशनर? म्हणाली, "कसलं कंडिशनर? अंगाचा साबण. आणि शेवटच्या मगात व्हिनेगर. मी लोणच्याच्या कारखान्यात बाटल्या भरायला होते. एवढे केस, तिचे हात मागं पोचायचे नाहीत. मी धुवायचे. माझे हात कायम आंबूस. तिला म्हणायचे, तुझ्या डोक्याचं लोणचं घालते."

"मग थांबलं कशानं?"

"तिला विचार."

"तिला विचारून भागलं असतं तर तुम्हाला कशाला फोन केला असता?"

मग सांगितलं. घरात पाहुणे होते, मोठे लोक. काकू वाढायला उठली. म्हातारी सगळ्यांसमोर म्हणाली, तू नको वाढू, तुझ्या हाताला वास येतो. "त्याच हातांनी सकाळी तिचं डोकं धुतलं होतं," काकू म्हणाली. "तेव्हा नाही आला वास." त्या महिन्यात त्यांनी घर सोडलं. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी मोठं असेल. पण यापेक्षा मोठं काय असतं, म्हणा.

मी म्हटलं, जुनं जाऊ दे, इथं माझा जीव चाललाय. बाटली दाखवली की ही ती नव्हे म्हणते, आणि उरलेला दिवस दाराशी उभी, जाऊ कुठं, जाऊ कुठं.

"काय म्हणते?"

"जाऊ कुठं. कुठं जाऊ. घरी जायचंय तिला."

  काकू हळू आवाजात म्हणाली, "अगं, मी लग्न होऊन आले तेव्हा सतरा वर्षांची होते. रडायचे सारखी. तिच्या मागं मागं फिरून विचारायचे, मी जाऊ? मी जाऊ घरी? एक दिवस ती म्हणाली, जाऊच तर आहेस तू माझी, आणखी कुठं जाऊ म्हणतेस? मला हसू फुटलं. तेव्हापासून तिनं मला नावानं हाक मारली नाही. ए जाऊ. कामावरून यायला उशीर झाला की दारात उभी राहून आमच्या ह्यांना विचारायची, जाऊ कुठं? माझी जाऊ कुठं?"

मी खाली बसले. फरशीवरच.

इतके दिवस मी तिला सांगतेय, कुठं जायचं नाही, बसा गप.

ही बाटली ती बाटली नव्हे असं ती कधी म्हणालीच नव्हती. माझ्या तोंडाकडं बघून म्हणत होती.

मी म्हटलं, काकू, या. एकदा या.

म्हणाली, "माझ्या हाताला आता कसलाच वास येत नाही. सांग तिला." आणि ठेवला फोन.

१७, सोमवार

काकू येत नाही तर न येवो. वास तर माझ्या हाती आहे. मगभर पाण्यात दोन चमचे व्हिनेगर घातलं, हाताला पण चोळलं. म्हातारीला स्टुलावर बसवलं, मागं उभी राहिले, तोंडातून ब्र काढला नाही. हात पुढं नेला.

तिनं हुंगलं. माझा हात धरला दोन्ही हातांनी, नाकाला लावला, गालाला लावला. खांदे खाली आले. मानेवरचा गोळा माझ्या समोर, नुसता हात घालायचा उशीर. आणि मग हसत हसत, अगदी तरुण बाईसारखी, मागं वळली.

मला बघितलं.

चिडली असती तर चाललं असतं. मारलं असतं तरी चाललं असतं. रडली. आवाज न करता, माझा हात न सोडता. मी हात सोडवून घेतला आणि साबणानं धुतला. दोनदा धुतला.

असला शहाणपणा परत करायचा नाही. एखाद्याच्या दारावर थाप मारून पळून जाण्यातला प्रकार.

१९, बुधवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मुकादम म्हणाला, कशाला? मी म्हटलं, सासूच्या जावेला आणायला. म्हणाला, ही काय रजेची कारणं झाली? मी म्हटलं, मग मशीनमध्ये बोट घालते, ते चालेल का? दिली.

काकूची एकच खोली, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीत कुंड्या, गादीवर आमच्याच कारखान्याची कडेची शिलाई. तिनं चहा केला. बोटं वाकलेली, कप दोन्ही हातांनी धरते. बसायलाही सांगितलं नाही आणि जायलाही नाही.

"माफी मागेल का ती?"

"तिला माफी हा शब्दच आठवत नाही."

"मला ओळखेल?"

"माहीत नाही. मला नाही ओळखत. रोज भरवते तरी."

"मग कशाला येऊ मी?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "तिला येऊ नकोच आहे, काकू. जाऊ हवीय."

 काकू हसायला लागली. हसता हसता भिंतीकडं तोंड फिरवलं. मी चहा प्यायले. दुसऱ्याचं रडणं मला बघवत नाही, आणि जाता पण येत नव्हतं. थोड्या वेळानं सांगितलं, मी म्हणत नाही विसरा म्हणून. तिनं केलं ते वाईटच. ज्या तोंडानं केलं त्या तोंडाला आता आठवत नाही, पण ज्या नाकानं केलं ते नाक तोच वास शोधतंय. तुम्हाला तिला शिक्षा करायची असेल तर ती रोज होतेय, तुम्ही बघायला नाही एवढंच. या नाहीतर राहा. पण रविवारी तिचं डोकं भादरतील.

जिना उतरताना तिनं वरून हाक मारली. "साबण आहे का घरात? तुमची ती बाटलीबिटली मला नको."

२२, शनिवार

आली. हे तिला आणायला खालपर्यंत गेले आणि परत येताना तिचा हात धरून आले. म्हातारी दारातच उभी होती, नेहमीसारखी. "जाऊ कुठं?"

काकू जिन्यात थांबली, दम लागलेला. "ही काय. उशीर झाला कामावर."

म्हातारीनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. ओळखलं की नाही, देव जाणे. म्हणाली, "केवढा उशीर."

न्हाणीत गेलो. काकूच्या वाकड्या बोटांनी गुंता सुटणार नाही हे मला आधीच दिसलं होतं, तिला तिथं गेल्यावर दिसलं. हात पाण्यात घालून नुसती बघत राहिली हातांकडं. मी म्हटलं, तुम्ही पुढं बसा. तोंड तुमचं, हात माझे. व्हिनेगरची बाटली तिच्या मांडीत दिली. तिनं तळहाताला लावलं आणि म्हातारीच्या समोर स्टूल घेऊन तिचे हात हातात धरले. मी मागं, सफरचंद घेऊन. काकूनं नाक मुरडलं. "हे काय फळवालं?" मी म्हटलं, गुंत्याला हेच. त्यात दारू आहे, पण ही ती दारू नव्हे म्हणे.

काकू बोलत होती. लोणच्याचा कारखाना, कुठली बाटली कशी फुटली, कोण मुकादम होता, त्याला कसं पायात मीठ सांडून घसरवलं. म्हातारी ऐकत होती की वास घेत होती, कळत नव्हतं, पण बसली होती. मी खालच्या टोकापासून सुरू केलं. एक एक केस. कंडिशनर, बोट, फणीचं टोक, पाणी, परत कंडिशनर. मी एक शब्द बोलले नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतला. म्हटलं, माझा आवाज तिच्या कानावर गेला की सगळं मोडेल. कानामागची एक गाठ सुटली नाही, सुपारीएवढी, ती कापली. बाकी सगळे सुटले. पाठीवर ओले केस पसरले. पांढरे झालेत, विरळ झालेत, पण अजून कमरेपर्यंत आहेत.

तेवढ्यात म्हातारी अस्वस्थ झाली. इकडं तिकडं बघायला लागली. "ती कुठंय?"

काकू म्हणाली, "ही काय मी. जाऊ."

"तू नव्हे." म्हातारी वैतागली. "ती."

"कोण ती?"

"ती. ओरडणारी."

काकूनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात फणी.  एवढं केलं तिचं, आणि माझं नाव काय, तर ओरडणारी.

"मागंच आहे!" मी ओरडले. "कुठं जातेय! हलू नका, मान खाली!"

"हां," म्हातारी म्हणाली आणि मान खाली केली.

साबण डोळ्यात गेला होता माझ्या. कंडिशनर, साबण नव्हे. काहीतरी.

२३, रविवार

नणंद आली मशीन घेऊन. म्हातारी खिडकीशी बसलेली, पाठीवर वेणी. नणंदेनं वेणी हातात घेतली, वजन केल्यासारखी. मग हात धुवायला म्हणून न्हाणीत गेली आणि नळ बराच वेळ वाहत ठेवला. बाहेर आल्यावर मी म्हटलं, मशीन वाया जाऊ देऊ नको, भावोजींच्या डोक्यावर फिरव. म्हणाली, "तिथं काय उरलंय, वहिनी." दोघी हसलो. जाताना मशीन पिशवीच्या तळाशी घातलं, वर कपडे.

२६, बुधवार

काकू आता आठवड्यातून एकदा येईन म्हणते. जिना चढवत नाही, म्हणून तेवढंच. मध्ये एकदा मला धुवावेच लागणार, कातडी अजून लाल आहे. सफरचंद ठरलं. औषधवालीला सांगितलं तेच मागवून ठेव, आणि बंद करायचं असलं तर कंपनीला म्हणावं आधी मला विचार.

आज एकटीनंच. म्हातारी दाराशी, "जाऊ कुठं?" मी म्हटलं, येईल शनिवारी, कामावर आहे. "बरं," म्हणाली आणि आली. तेवढंच पाहिजे होतं तिला, सरळ उत्तर.

स्टुलावर बसवलं. जपून, हळू, काकूसारखं बोलायला गेले, गोड आवाजात. मला ते जमत नाही, पण म्हटलं बघू. तिचं अंग ताठ झालं. मान वळवली, माझ्या तोंडाकडं बघितलं.

"ही ती नव्हे."

"हीच ती!" मी म्हटलं. सगळ्या जिन्याला ऐकू गेलं असेल. "ओरडणारी! मान खाली करा!"

तिनं मान खाली केली.